थांबण्याचा अधिकार कोणाचा?

चाळीसगाव हे जंक्शन आहे. मुंबईहून भुसावळकडे जाणाऱ्या मुख्य लोहमार्गाला येथे धुळ्याचा ५६ किलोमीटरचा फाटा फुटतो. म्हणूनच येथल्या फलाटावर घटकाभर उभे राहिले, तरी एकाच व्यवस्थेच्या आज्ञेत किती भिन्न प्रकृतीची वाहने चालतात हे पाहावयास मिळते. राजधानी गाडी गावाची दखलही न घेता निघून जाते. तिला वाट मोकळी करून देण्यासाठी कोळशाने भरलेली मालगाडी बाजूच्या लायनीवर मुकाट उभी असते. धुळ्याची गाडी आपल्या नेहमीच्या प्रवाशांसाठी दोन मिनिटे अधिक थांबल्यासारखी करते. यांचे वजन निराळे, वेग निराळा, ब्रेक लावल्यापासून प्रत्यक्ष थांबेपर्यंत लागणारे अंतर निराळे. तरीही कोणी आधी जावे आणि कोणी थांबावे, हे यांपैकी एकीचाही चालक ठरवीत नाही. ते ठरते स्टेशनमास्तरच्या खोलीत आणि भुसावळच्या कंट्रोलरच्या टेबलावर.

ही व्यवस्था किती विचारपूर्वक उभारलेली आहे, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. सांधा आणि सिग्नल एकमेकांशी असे जखडलेले असतात की, सांधा एका बाजूस असताना दुसऱ्या बाजूचा सिग्नल उतरविता येतच नाही. माणसाने चूक करावयाची ठरविली तरी यंत्र त्याचा हात धरते. पूर्वी एकेरी मार्गावर लोखंडी गोळ्याची पद्धत होती. दोन स्टेशनांतील जोडयंत्रांतून एका वेळी एकच गोळा बाहेर निघे, आणि तो ज्याच्या हाती त्या चालकालाच पुढे जाण्याची मुभा. अधिकार हाताला लागत होता, डोळ्यांना दिसत होता. आता ‘कवच’ नावाची स्वदेशी प्रणाली आली आहे. तिच्या प्रत्यक्ष मार्गावरील चाचण्या २०१६ साली दक्षिण मध्य रेल्वेवर सुरू झाल्या आणि २०२० साली तिला राष्ट्रीय प्रणाली म्हणून मान्यता मिळाली. चालकाने लाल सिग्नल ओलांडू पाहिला, तर ती स्वतःच ब्रेक लावते.

हे सारे सांगण्याचे कारण असे की, जे रुळांवर दीडशे वर्षांत हळूहळू घडले, ते शहरांच्या उघड्या रस्त्यांवर पाच-पंचवीस वर्षांत घडवून आणण्याचा उद्योग जगात चालू आहे. चालकावाचून चालणारी वाहने ही आता कादंबरीतील गोष्ट राहिलेली नाही. दिल्ली मेट्रोच्या मजेंटा मार्गावर २८ डिसेंबर २०२० रोजी भारतातील पहिली चालकरहित गाडी सुरू झाली. मुंबईत २ एप्रिल २०२२ रोजी सुरू झालेल्या मेट्रो २अ आणि ७ या मार्गांच्या गाड्या चालकावाचून धावू शकतील अशाच बांधलेल्या आहेत. पण मेट्रोचा मार्ग राखीव असतो, तेथे म्हैस आडवी येत नाही. अमेरिकेत फिनिक्स आणि सॅन फ्रान्सिस्को या शहरांतील सामान्य रस्त्यांवर मात्र ‘वेमो’ कंपनीच्या रिकाम्या आसनाच्या टॅक्सी प्रवाशांना नेत-आणत आहेत. जर्मनीत २०१८ ते २०२३ या काळात आखेन येथील तंत्रविद्यापीठाच्या पुढाकाराने ‘युनिकारॅजिल’ नावाचा प्रकल्प झाला. त्यात चार प्रकारची चालकरहित वाहने बांधण्यात आली: एक टॅक्सी, एक कुटुंबाची गाडी, एक छोटी बस आणि एक मालवाहू. या चौघांचे सांगाडे निराळे, उपयोग निराळे. पण त्यांचे ‘डोके’ एकाच घडणीचे. रस्त्याची माहिती ती एका सामाईक स्मृतीत जमा करतात आणि तेथूनच घेतात, आणि अडचण आली तर नियंत्रण कक्षात बसलेला माणूस दुरून सूत्रे हाती घेतो.

म्हणजे चाळीसगाव जंक्शनच, पण रुळांवाचून. आणि रूळ नसले की प्रश्नाचे रूपच पालटते.

या विषयावर लिहिणारे पंडित प्रायः एका कोड्यापाशी अडकतात. वाहनाने पाच माणसांना वाचविण्यासाठी एकाला चिरडावे काय? ब्रिटिश तत्त्वज्ञ फिलिपा फूट यांनी १९६७ साली मांडलेल्या एका उदाहरणाचा हा वंशज. सेमिनरीच्या वर्गात असली कोडी बुद्धीला धार लावण्यास बरी असतात. परंतु ज्या अपघातांची साद्यंत माहिती आज उपलब्ध आहे, त्यांत कोठेही यंत्रासमोर ‘पाच की एक’ असा प्रश्न उभा राहिल्याचे आढळत नाही. तेथे उभे राहिलेले प्रश्न अधिक साधे आणि म्हणूनच अधिक अस्वस्थ करणारे आहेत.

१८ मार्च २०१८ च्या रात्री अमेरिकेतील टेंपी या गावी एक ४९ वर्षांची स्त्री हाताने सायकल ढकलीत रस्ता ओलांडीत होती. उबर कंपनीच्या चाचणीवरील स्वयंचलित मोटारीने तिला ठोकरले आणि ती मरण पावली. पुढे अमेरिकी सरकारच्या चौकशी मंडळाने जे बाहेर काढले, ते आम्ही जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा थबकतो. यंत्राला ती दिसली नव्हती असे नाही. धडकेच्या ५.६ सेकंद आधी ती दिसली होती, आणि तेवढा अवधी थांबण्यास पुरेसा होता. परंतु ती ‘कोण’ आहे हे यंत्राला ठरविता येईना. कधी ते तिला वाहन म्हणे, कधी ‘इतर’ म्हणे, कधी सायकल. प्रत्येक वेळी नाव पालटले की आधीची निरीक्षणे बाजूस सारून तिच्या मार्गाचा हिशेब नव्याने मांडला जाई. झेब्रा पट्ट्यांखेरीज अन्यत्र माणूस रस्ता ओलांडू शकतो, ही गोष्ट त्या यंत्राच्या रचनेत धरलेलीच नव्हती.

यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या वाटेवर जखमी होऊन पडलेल्या मनुष्याची कथा आमच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही. त्या कथेतील याजक आणि लेवी यांनाही तो दिसला होता. शोमरोनी मनुष्याने त्याची जात, गाव, धर्म ठरविण्यात वेळ घालविला नाही. तो आधी थांबला. ओळख मागाहून पटते, थांबणे आधी घडते. टेंपीच्या यंत्राची रचना नेमकी उलट होती. तेथे ओळख पटल्यावाचून थांबण्याचे कारण निर्माण होत नव्हते. यात यंत्राची निर्दयता नाही. ज्यांनी ते रचले त्यांनी विनाकारण थांबण्याला दोष मानले होते आणि विनाकारण चालत राहण्याला मानले नव्हते, एवढेच.

आता कोणी म्हणेल, एका प्रयोगातील एका चुकीवरून केवढा हा विस्तार! माणसे काय कमी मारतात? हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. एकट्या २०२२ सालात भारतात रस्त्यावरील अपघातांनी १,६८,४९१ माणसांचा बळी घेतला. दारू पिऊन, पेंगत, घाईत, ईर्ष्येने वाहन हाकणारी माणसे पाहिली म्हणजे ज्याला झोप येत नाही आणि मत्सर ठाऊक नाही अशा चालकाची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. कन्नड घाटातून ज्याने रात्री प्रवास केला आहे तो या ओढीला हसणार नाही. रस्ता सुरक्षित करणारे साधन हाती असताना केवळ जुन्याच्या प्रेमाने ते नाकारणे हा देखील अपराध ठरू शकेल. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ पासून वेळोवेळी सांगितले आहे की, चालकांच्या पोटावर पाय येईल म्हणून अशी वाहने भारतात येऊ देणार नाही. त्या भूमिकेतील कळकळ आम्हांस मान्य आहे. पण ज्या दिवशी रोजगाराचा प्रश्न अन्य मार्गाने सुटेल, त्या दिवशी उरलेला प्रश्न तसाच समोर उभा राहील. आमचा विषय तो उरलेला प्रश्न आहे.

माणूस चुकतो तेव्हा तो एकटा चुकतो. घाटातील एका ट्रकचालकाला डुलकी लागली म्हणून त्याच क्षणी मनमाडच्या ट्रकचालकाला ती लागत नाही. सामाईक नियंत्रणात ही सोय राहत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये फिनिक्स येथे एक पिकअप ट्रक बांधून नेण्यात येत होता. तो तिरपा ओढला जात असल्यामुळे तो कोठे वळणार याचा अंदाज एका चालकरहित टॅक्सीला चुकला आणि ती त्याला घासली. काही मिनिटांनी त्याच कंपनीची दुसरी टॅक्सी त्याच ट्रकला तशीच घासली. इजा कोणाला झाली नाही. पण या घटनेतील बोध इजेपेक्षा मोठा आहे. दोन चालक नव्हतेच, दोन शरीरांत एकच चालक होता. नंतर कंपनीने ४४४ गाड्यांची प्रणाली दुरुस्त केल्याचे सरकारला कळविले. हेही न्यायाने सांगितले पाहिजे की चूक जशी एकदम सर्वांची होते, तशी दुरुस्तीही एकदम सर्वांची होते. माणसांच्या बाबतीत हे भाग्य नाही. आम्ही धर्मगुरू वर्षानुवर्षे त्याच त्या पापांवर तेच ते प्रवचन करीत असतो.

मात्र ज्या दिवशी दुरुस्ती झालेली नसते, त्या दिवशी काय होते? २० डिसेंबर २०२५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या भागातील वीज गेली आणि चौकातील सिग्नल मालवले. अशा चौकात चारही बाजूंनी थांबून मग पुढे जावे, हे त्या टॅक्सींना शिकविलेले होते. परंतु खात्री करून घेण्यासाठी अनेक टॅक्सींनी एकाच वेळी दूरच्या मदतनीसांकडे विचारणा केली, आणि विचारणाऱ्यांची रांग लागताच गाड्या चौकाचौकांत खोळंबून राहिल्या. चाळीसगावात वीज गेली तर काय होते, हे आम्हांस ठाऊक आहे. हॉर्न वाजतात, शिव्याही ऐकू येतात. पण कोणीतरी काळीपिवळीवाला खाली उतरून हात वर करतो आणि वाट मोकळी होते. त्याने कोणाची परवानगी घेतलेली नसते.

येथे आम्हांस ख्रिस्तसभेच्या सामाजिक शिकवणुकीतील एक सूत्र आठवते. पोप अकरावे पायस यांनी १९३१ साली जे परिपत्रक काढले त्याचे लॅटिन नाव ‘चाळिसाव्या वर्षी’ अशा अर्थाचे आहे. चाळीसगावकरांना ते ध्यानात ठेवणे सोपे जावे! त्यात त्यांनी असे प्रतिपादन केले की, जे कार्य खालचा लहान समूह स्वतः करू शकतो ते वरच्या मोठ्या संस्थेने काढून घेणे अन्यायाचे आहे. वरच्याने खालच्याला साहाय्य करावे, त्याची जागा घेऊ नये. हे सूत्र राज्यसंस्थेच्या संदर्भात सांगितले गेले. त्या काळी युरोपात सर्व सत्ता एका हाती गोळा करणाऱ्या राजवटी माजत होत्या. परंतु यंत्रांच्या मांडणीतही सत्तेचे वाटप असते, आणि म्हणून तेथेही हे सूत्र लावून पाहण्याजोगे आहे. कोणत्या मार्गाने जावे, कोणत्या क्रमाने जावे, हे वरून ठरावे; त्यात सर्वांचे हित आहे. थांबावे की नाही, हे मात्र जो जागेवर आहे त्यानेच ठरविले पाहिजे. चालण्याचा हुकूम केंद्राचा असू द्या, थांबण्याचा अधिकार त्या त्या वाहनाचा आणि वाहनातील मनुष्याचा राहू द्या. रेल्वेने हे केव्हाच ओळखले होते. एवढ्या कडक शिस्तीची ती व्यवस्था, पण प्रत्येक डब्यात साखळी ठेवली. तिकीट काढलेला कोणीही गरीब माणूस राजधानीलाही थांबवू शकतो.

येथवर आलो की आमचे प्रतिपादन पूर्ण झाले असे वाटावे. परंतु आमच्याच जिल्ह्यात घडलेली एक गोष्ट ते इतक्या सहजासहजी पूर्ण होऊ देत नाही.

२२ जानेवारी २०२५ रोजी लखनौहून मुंबईकडे येणारी पुष्पक एक्सप्रेस पाचोरा तालुक्यातील परधाडे गावाजवळ थांबली. पाचोरा म्हणजे भुसावळच्या वाटेवरचे आमचे शेजारी गाव. डब्यात आग लागल्याची आवई उठली होती आणि कोणीतरी साखळी ओढली होती. आग नव्हती. जिवाच्या भयाने लोक खाली उतरले, काही बाजूच्या रुळावर गेले, आणि त्या रुळावरून बंगळुरूहून दिल्लीकडे निघालेली कर्नाटक एक्सप्रेस आली. निदान बारा जण मृत्युमुखी पडले. मृतांत नेपाळचे रहिवासीही होते.

त्या दिवशी कोणी कोणता नियम मोडला होता? साखळी ओढणाऱ्याने थांबण्याचा आपला अधिकार वापरला. पुष्पक थांबली, जशी थांबावयास हवी होती. कर्नाटक एक्सप्रेसला पुढे जाण्याची मुभा होती आणि ती खोटी नव्हती; तिच्या रुळावर दुसरी गाडी खरोखरच नव्हती. सिग्नल गाड्या मोजतो, माणसे मोजीत नाही. जी माणसे क्षणापूर्वी ‘गाडी’ या नावाखाली व्यवस्थेला ठाऊक होती, ती पायरीवरून खाली उतरताच व्यवस्थेच्या दृष्टीने नाहीशी झाली. रेल्वे अधिकाऱ्यांनी तेव्हा सांगितले की, पुष्पकच्या चालकाने नियमाप्रमाणे धोक्याचा लुकलुकता दिवा लावला होता, समोरून येणाऱ्या चालकाने तो पाहून ब्रेकही लावला होता, परंतु मार्गाच्या वळणामुळे पुरेसे अंतर मिळाले नाही. म्हणजे शेवटच्या क्षणी जे काही घडले ते एका माणसाने दुसऱ्या माणसाला केलेल्या खुणेवर घडले, आणि त्या खुणेला वळण आडवे आले.

आम्ही वर थांबण्याच्या अधिकाराची थोरवी गायिली. परधाडेची घटना सांगते की, एकट्याचे थांबणे पुरेसे नसते. ते शेजारच्याला कळले पाहिजे, आणि वेळेवर कळले पाहिजे. येथेच सामाईक नियंत्रणाचे खरे कार्य आम्हांस दिसते. वाहनांनी एकमेकांना काय कळवावे? आज या क्षेत्रातील अभियंते सांगतात की, वाहने एकमेकांशी बोलली म्हणजे चौकात खोळंबा होणार नाही, दोन गाड्यांमधील अंतर कमी करता येईल, इंधन वाचेल. हे लाभ खरे असतील. पण वेग वाटून घेणे हे सामाईक व्यवस्थेचे दुय्यम काम झाले. बस असो, टॅक्सी असो, कचऱ्याची गाडी असो, एकाने भय पाहिले तर ते वळणापलीकडच्या सर्वांना त्याच क्षणी कळावे, हे पहिले. हुकूम सामाईक असावा की नसावा यावर वाद होऊ शकेल. इशारा सामाईक असलाच पाहिजे.

थांबणे हे तरी नेहमी निर्दोष असते काय? २ ऑक्टोबर २०२३ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एका पादचारी स्त्रीला माणसाने चालविलेल्या मोटारीने ठोकरले आणि तो चालक पळून गेला. ती स्त्री शेजारून जाणाऱ्या ‘क्रूझ’ कंपनीच्या चालकरहित टॅक्सीसमोर फेकली गेली. टॅक्सी तिला धडकून थांबली. मग, अपघातानंतर रहदारीतून बाजूस व्हावे या नियमाप्रमाणे, ती बाजूला होऊ लागली. ती स्त्री चाकांखाली होती. सुमारे २० फूट ती फरफटत गेली. माणूस पळाला हे पाप झाले, त्याला आम्हांजवळ नाव आहे. पण यंत्राने तर एक चांगला नियमच पाळला!

संत थॉमस अक्विनास यांनी या प्रकाराचा विचार तेराव्या शतकात केला आहे. नियम हा सामान्यतः घडणाऱ्या गोष्टींसाठी केलेला असतो, आणि मानवी व्यवहार तर अगणित रूपे धारण करतो. ठेव मागताक्षणी परत करावी हा न्याय्य नियम. परंतु तलवार ठेवून गेलेला मनुष्य वेडाच्या भरात ती मागू लागला तर तोच नियम पाळणे हे पातक होईल. नियमाच्या अक्षरापलीकडे जाऊन त्याचा हेतू सांभाळणे हा थॉमसच्या मते नियमभंग नसून सद्‌गुण आहे. हा सद्‌गुण यंत्रात घालता येईल काय? अनुभवाने यंत्र अधिकाधिक प्रसंग शिकेल, चाकाखाली माणूस असेल तर हलू नये हेही शिकेल. किंबहुना शिकलेच असेल. परंतु जो प्रसंग अद्याप घडलेलाच नाही, त्यापुढे ‘मला हे कळत नाही’ असे म्हणून नम्र होणे ही निराळी गोष्ट आहे. आणि वाहनांचे प्रकार जितके वाढतील तितके असे प्रसंग वाढतील. टॅक्सीला शिकविलेली युक्ती दहा टनांच्या मालवाहूला प्राणघातक ठरू शकते, कारण डोके तेच असले तरी देह तो नव्हे. घाटातील म्हातारा ट्रकचालक नवख्या क्लीनरला पहिली गोष्ट शिकवितो ती ही की, आपली गाडी किती जड आहे हे विसरू नकोस.

चाळीसगावपासून जवळच पाटणादेवीचे रान आहे. तेथील शिलालेखात नोंद आहे की, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चंगदेव याने मठ स्थापिला. या भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ या ११५० च्या ग्रंथात यंत्रांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले असून, आऱ्यांत पारा भरून आपोआप फिरत राहणाऱ्या चाकाचे वर्णन त्यात आहे. स्वयंवह यंत्र असे त्याचे नाव. असे चाक अखंड फिरू शकत नाही हे आज शाळकरी मुलगाही सांगेल. पण त्याच प्रकरणात नाना यंत्रे सांगून झाल्यावर आचार्यांनी सर्वांत श्रेष्ठ म्हणून जे यंत्र सांगितले ते ‘धीयंत्र’, म्हणजे बुद्धी. हातात एक काठी, आणि पाहणारा मनुष्य. एवढ्याने डोंगराची उंची मोजता येते. स्वयंवहाची हौस आणि धीयंत्राचा मान एकाच पुस्तकात, एकाच माणसाजवळ होता, याचे आम्हांस कौतुक वाटते.

आता उत्तरदायित्वाविषयी. टेंपीच्या अपघातात अखेर शिक्षा कोणाला झाली? मोटारीत देखरेखीसाठी बसविलेल्या पगारी स्त्रीला. २०२३ साली तिने गुन्हा कबूल केला आणि तिला तीन वर्षांची परिवीक्षा मिळाली. तिचे लक्ष रस्त्यावर नव्हते, हे खरे. परंतु मोटारीला मुळात बसविलेली आपत्कालीन ब्रेकची सोय स्वयंचलित प्रवासात बंद ठेवण्यात आली होती, तो निर्णय तिचा नव्हता. कंपनीवर फौजदारी खटला भरण्यास आधार नाही, असे सरकारी वकिलांनी २०१९ सालीच सांगितले होते. नियंत्रण जितके वर आणि जितके सामाईक, तितका दोष खाली आणि एकट्याच्या माथी, असा हा विपरीत न्याय. आपल्याकडेही तो अपरिचित नाही. पूल पडला तर आधी मुकादम पकडला जातो.

या बाबतीत आमचा व्यवसाय आम्हांला एक गोष्ट शिकवून गेला आहे. या लेखात आम्ही ‘आम्ही’ असे लिहीत आहोत. लेखनाची ती रीत आहे आणि तिच्या आडोशाला बरे वाटते. पण पापनिवेदनाच्या आसनासमोर ‘आम्ही’ चालत नाही. तेथे गुडघे टेकणारा, मग तो कारखानदार असो की हमाल, ‘मी’ म्हणूनच बोलतो. सामाईक नियंत्रण रचणारे शेकडो हात असतात: एकाने दृष्टी घडविली, दुसऱ्याने निर्णयाचे गणित लिहिले, तिसऱ्याने वाहनाचा सांगाडा बांधला, चौथ्याने परवाना दिला. प्रत्येकाजवळ आपापल्या भागापुरते निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र असते. परधाडेच्या अपघातानंतर सहाच दिवसांनी, २८ जानेवारी २०२५ रोजी, व्हॅटिकनने कृत्रिम बुद्धिमत्तेवर एक टिपण प्रसिद्ध केले. अशा यंत्रांच्या निर्णयांची नैतिक जबाबदारी रचणाऱ्यापासून वापरणाऱ्यापर्यंत माणसांकडेच राहते, हा त्यातील आग्रह आम्हांस योग्य वाटतो. परंतु ‘सर्वांची जबाबदारी’ हे शब्द न्यायालयात फार लवकर ‘कोणाचीच नाही’ असे ऐकू येतात. म्हणून आमची अपेक्षा अधिक रोकडी आहे. रुळांवर प्रत्येक टप्प्याला एक नाव असते: या वेळी ड्यूटीवर कोण होता, हे वहीत लिहिलेले असते. उद्या ज्या शहरात एका नियंत्रणाखाली दहा प्रकारची वाहने धावतील, तेथेही अशी वही असावी, आणि तीत कंपनीचे नव्हे, मनुष्याचे नाव असावे.

ही वाहने चाळीसगावच्या रस्त्यांवर केव्हा येतील? मुंबई-पुण्यात आधी येतील आणि महामार्गावरून मालवाहूंच्या रूपाने मग आमच्याकडे. तेव्हा त्या व्यवस्थेच्या बाहेर कोण असेल, याची यादी आजच करता येते. पावसाळा संपता संपता कळप घेऊन रस्त्याने निघणारे ठेलारी मेंढपाळ. दिवाळीच्या सुमारास तांड्यांवरून ऊसतोडीला निघालेली, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांड्यांसकट बसलेली कुटुंबे. शेतातून उशिरा परतणारी बैलगाडी. परदेशांत अशी सूचना पुढे येऊ लागली आहे की, पादचाऱ्यांनी व सायकलवाल्यांनीही एखादे छोटे उपकरण जवळ बाळगावे, म्हणजे स्वयंचलित वाहनांना त्यांचा पत्ता लागेल. वरवर पाहता यात गैर काही नाही. गळिताचा हंगाम सुरू झाला की ऊस वाहणाऱ्या बैलगाड्यांना आणि ट्रॉल्यांना मागून चमकणाऱ्या लाल पट्ट्या लावण्याची मोहीम आपल्याकडेही निघते, आणि तिने जीव वाचतात. पण लाल पट्टी चमकते की नाही हे गाडीवानाला स्वतःला पाहता येते. पुसली की तो ती फडक्याने पुसून घेतो. त्याच्या जुवाला बांधलेले उपकरण चालू आहे की बंद, आणि दूरच्या कुठल्या नियंत्रणाने त्याला ‘बैलगाडी’ म्हटले की ‘इतर’, हे त्याला अंधारात कसे कळावे? आणि ते बंद पडलेल्या रात्री काही विपरीत घडले, तर पंचनाम्यात दोष कोणाच्या नावावर लिहिला जाईल?